बीड जिल्ह्यातील महिलांचे तांत्रिक कौशल्य प्रशिक्षण

बीड जिल्ह्यातील महिलांचे तांत्रिक कौशल्य प्रशिक्षण या विषयात औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आयटीआय), तंत्रनिकेतने, संगणक प्रशिक्षण केंद्रे, शिकाऊ उमेदवारी आणि नोकरीत असताना मिळणारे प्रशिक्षण या सर्व मार्गांचा समावेश होतो. प्रशिक्षणामुळे स्त्रीला नोकरी मिळते का, एवढाच प्रश्न सहसा विचारला जातो. मिळालेल्या नोकरीतून तिला पुढच्या पदावर जाता येते का, हा दुसरा प्रश्न मागे राहतो. तांत्रिक क्षेत्रातील स्त्रियांची प्रगती मात्र या दुसऱ्या प्रश्नावरच ठरते, कारण काही प्रशिक्षणे पुढच्या पायरीशी जोडलेली असतात आणि काही प्रमाणपत्रापाशीच संपतात.

पार्श्वभूमी

बीड हा महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील ११ तालुक्यांचा जिल्हा आहे. बालाघाटाच्या डोंगररांगा आणि गोदावरीचे खोरे यांत पसरलेल्या या जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. कोरडवाहू शेतीवर वर्ष निभत नसल्याने येथील असंख्य कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५.८५ लाख होती. पुरुषांतील साक्षरता सुमारे ८५ टक्के, तर स्त्रियांतील सुमारे ६८ टक्के होती.

ऊसतोडणीत पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून मिळणारी उचल या जोडीच्या हिशेबाने ठरते. त्यामुळे मुलीचे लग्न लवकर लावण्यामागे रूढीबरोबर अर्थकारणही उभे असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयोगटातील, १८ वर्षांच्या आत विवाह झालेल्या स्त्रियांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के आढळले. बीड जिल्ह्यात ते ४० टक्क्यांहून अधिक होते. तांत्रिक शिक्षणाच्या दृष्टीने या आकड्याचा अर्थ सरळ आहे. दहावीनंतरची जी दोन-तीन वर्षे आयटीआय किंवा पदविकेसाठी लागतात, नेमक्या त्याच वर्षांत अनेक मुलींचे घर बदलते.

तोडणीचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. आयटीआयचे सत्र ऑगस्टच्या सुमारास सुरू होते आणि परीक्षेस बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती आवश्यक असते. कुटुंबाबरोबर स्थलांतर करणाऱ्या मुलीला ही अट पूर्ण करणे अशक्य आहे. तिला गावी ठेवायचे तर आजी-आजोबा तरी हवेत, नाही तर वसतिगृह.

राज्यातील पूर्वपीठिका

महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणाची परंपरा जुनी असली तरी तिचा ओघ दीर्घकाळ अध्यापन, परिचर्या आणि गृहविज्ञान यांकडे राहिला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात (आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ) तंत्रनिकेतन सुरू झाले ते १९७० च्या दशकात आणि अभियांत्रिकीची संस्था १९९० च्या दशकात. कर्वे यांच्याच स्त्री शिक्षण संस्थेने पुण्यात महिलांसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले ते १९९१ मध्ये.

कारखान्यांची दारेही सहज उघडली नाहीत. १९७४ च्या सुमारास टेल्को कंपनीच्या जाहिरातीत स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नयेत, असे स्पष्ट लिहिलेले होते. सुधा कुलकर्णी (पुढे सुधा मूर्ती) यांनी त्याविरुद्ध जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड पाठवले आणि त्यांना तेथे अभियंता म्हणून नेमण्यात आले, ही हकिगत सर्वज्ञात आहे. पदोन्नतीच्या दृष्टीने लीला पूनावाला यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६७ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर त्यांनी प्रशिक्षणार्थी म्हणून सुरुवात केली आणि पुढे अल्फा लावल या कंपनीच्या भारतातील प्रमुखपदापर्यंत मजल मारली. १९८९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रशिक्षणार्थी म्हणून यंत्रांजवळ काढलेली सुरुवातीची वर्षे अशा वाटचालीचा पाया असतात. ही वर्षे न मिळालेली स्त्री पुढे कार्यालयीन कामातच अडकण्याचा संभव असतो.

ही उदाहरणे पदवीधर आणि शहरी स्त्रियांची आहेत. बीडसारख्या जिल्ह्यात तांत्रिक नोकरीची वाट बहुतेक वेळा आयटीआयपासून सुरू होते.

प्रशिक्षणाच्या पायऱ्या

देशातील शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात तिचे काम व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय पाहते. आयटीआयमधील व्यवसायांची मराठी नावे आज फारशी कोणाच्या तोंडी नसली, तरी प्रमाणपत्रांवर ती आढळतात: विजतंत्री (इलेक्ट्रिशियन), तारतंत्री (वायरमन), जोडारी (फिटर), कातारी (टर्नर), संधाता (वेल्डर). यांतील बहुतेक अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत, तर संधाता आणि संगणक चालक व आज्ञावली सहायक (कोपा) हे एक वर्षाचे. किमान वय १४ वर्षे असून राज्यात प्रवेशासाठी कमाल वयाची अट नाही. लग्नानंतर शिक्षण सुटलेली तिशीतील स्त्रीही प्रवेश घेऊ शकते, ही गोष्ट खेड्यांतून पुरेशी माहीत नाही.

प्रवेशात स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. परंतु मुलींचे अर्ज प्रामुख्याने शिवणकाम, सौंदर्यप्रसाधन आणि कोपा या व्यवसायांना येतात. विजतंत्री किंवा यंत्र कारागीर या व्यवसायांना तुलनेने कमी. यात मुलींचा कल किती आणि पालक, शिक्षक व नातेवाईक यांचा सल्ला किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. शिवणकामाने घरबसल्या उत्पन्न मिळते आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि त्याला नियमित वेतनश्रेणी नाही, ज्येष्ठता नाही, पुढचे पद नाही. तारतंत्रीच्या प्रमाणपत्राला ते सर्व आहे.

आयटीआयनंतर तीन मार्ग निघतात. पहिला शिकाऊ उमेदवारीचा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानुसार कारखाने, वीज कंपन्या, एस. टी. महामंडळाच्या कार्यशाळा इत्यादी ठिकाणी विद्यावेतनावर काम शिकता येते आणि शेवटी राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा देता येते. दुसरा मार्ग तंत्रनिकेतनाचा. दोन वर्षांचे आयटीआय पूर्ण केलेल्या उमेदवारास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. म्हणजे दहावीनंतर आयटीआयला गेलेली मुलगी कागदोपत्री तरी अभियंता होऊ शकते. बीड येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे, अंबाजोगाई येथे १९८० च्या दशकापासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि शेजारच्या लातूर येथे मुलींसाठी शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतन आहे. या तिन्हींत लातूरच्या संस्थेचे ‘निवासी’ असणे ऊसतोड कुटुंबातील मुलीसाठी अभ्यासक्रमाइतकेच महत्त्वाचे ठरते.

तिसरा मार्ग कमी परिचित आहे. शिल्प निदेशक प्रशिक्षण योजनेतील एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यास आयटीआयमध्येच निदेशक म्हणून नेमणुकीस पात्र होता येते. मुंबईत दादर येथे यासाठी महिलांची राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे. विजतंत्रीच्या कार्यशाळेत निदेशिका उभी असेल, तर मुलीला तेथे पाठवताना पालकांच्या मनातील शंका बऱ्याच अंशी आपोआप मिटतात.

महावितरणमधील महिला तंत्रज्ञ

ग्रामीण भागात आयटीआय झालेल्या स्त्रीला सर्वाधिक ठळकपणे दिसणारी तांत्रिक नोकरी वीज वितरणाची आहे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या विभाजनानंतर २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी (महावितरण) अस्तित्वात आली. या कंपनीत ‘विद्युत सहायक’ या पदासाठी विजतंत्री किंवा तारतंत्री व्यवसायाचे दोन वर्षांचे प्रमाणपत्र लागते. नेमणूक प्रथम तीन वर्षे कंत्राटी स्वरूपाची, ठरावीक मानधनावर असते. ती समाधानकारकपणे पार पडल्यावर ‘तंत्रज्ञ’ म्हणून नियमित नेमणूक मिळते. पुढे ‘वरिष्ठ तंत्रज्ञ’ आणि ‘प्रधान तंत्रज्ञ’ ही पदे येतात. नोकरीत असताना पदविका मिळवणाऱ्यांना अंतर्गत भरतीद्वारे अभियंत्यांच्या पदांकडे जाण्याची संधी असते. २०२३ च्या अखेरीस कंपनीने विद्युत सहायकाच्या ५,३४७ जागांची जाहिरात काढली. भरतीत स्त्रियांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण लागू असल्याने अशा प्रत्येक जाहिरातीचा आयटीआयमधील मुलींच्या निवडीवर परिणाम होतो.

हे काम नेमके काय असते, हे समजल्याशिवाय प्रशिक्षणाचे मोल कळत नाही. गावात वीज गेल्याचा निरोप आला की तंत्रज्ञाला प्रथम दोष कोठे आहे ते शोधावे लागते: रोहित्राजवळचा फ्यूज, ११ केव्ही वाहिनीवर पडलेली फांदी, फुटलेले चिनीमातीचे विद्युतरोधक की तुटलेली तार. त्यानंतर उपकेंद्राशी संपर्क साधून त्या वाहिनीचा पुरवठा बंद करवून ‘परमिट’ घ्यायचे असते. पुरवठा बंद झाला असे सांगण्यात आले तरी तार मृत आहे याची स्वतः खात्री करायची असते. मग कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना भूसंपर्क दांडा (अर्थिंग रॉड) लावायचा, म्हणजे चुकून प्रवाह परत आला, अथवा एखाद्या घरातील जनित्रातून उलट आला, तर तो जमिनीत जाईल. हातमोजे, शिरस्त्राण आणि कमरेचा सुरक्षा पट्टा ही साधने घातल्यावरच खांबावर चढायचे. काम संपल्यावर दांडे काढायचे, माणसे दूर झाल्याची खात्री करायची आणि ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत करायचे. या क्रमातील एखादी पायरी गाळली गेल्यास जीव जाऊ शकतो.

खांबावर चढण्याची ताकद हा या कामाचा एक भाग आहे. क्रम न चुकवणे हा दुसरा आणि मोठा. स्त्रियांना हे काम जमणार नाही असे म्हणणारे पहिल्या भागाकडे पाहतात. २०२० मध्ये बीड जिल्ह्यातील एका महिला तंत्रज्ञाचे शिडीवाचून खांबावर चढतानाचे चित्रण देशभर पाहिले गेले आणि तिचे मोठे कौतुक झाले. ते कौतुक रास्तच होते. परंतु त्यातही डोळे धाडसावर खिळले आणि धाडसाखालचे शिक्षण नजरेआड राहिले. शेजारच्या तेलंगणात त्याच सुमारास कनिष्ठ लाइनमनच्या भरतीतून स्त्रियांना वगळण्यात आले होते. उमेदवार स्त्रिया उच्च न्यायालयात गेल्या, न्यायालयाच्या आदेशाने त्यांची खांब चढण्याची चाचणी घेण्यात आली आणि २०२१ मध्ये त्या राज्याला पहिली लाइनवुमन मिळाली. महाराष्ट्रात असा लढा द्यावा लागला नाही, कारण भरतीच्या नियमांत स्त्रियांचा वाटा आधीच होता. राज्याचे महिला धोरण १९९४ मध्ये आले, त्याचा हा दूरचा परिणाम.

तरीही भरती आणि प्रत्यक्ष काम यांत अंतर पडते. नव्या महिला कर्मचाऱ्यास वरिष्ठांनी सहानुभूतीपोटी कार्यालयात बसवणे, वीजबिलांच्या तक्रारी किंवा मीटरच्या नोंदी सांभाळण्यास सांगणे, हा प्रकार अनेक तांत्रिक खात्यांत आढळतो. त्या वेळी ही सोय वाटते. पाच-सात वर्षांनी मात्र तिच्याबरोबर लागलेल्या पुरुष सहकाऱ्याच्या हाताखाली वाहिनीचा अनुभव असतो आणि तिच्यापाशी फक्त ज्येष्ठता असते. पथकाचे नेतृत्व कोणाकडे द्यायचे हे ठरवताना हा फरक पुढे येतो. म्हणून परमिट प्रत्यक्ष घेण्याचा अनुभव, उपकेंद्रातील पाळी आणि सुरक्षेची उजळणी ही नियुक्तीनंतरची प्रशिक्षणे स्त्री कर्मचाऱ्यांना टाळता न येणारी असावीत.

संगणक प्रशिक्षण

जिल्ह्यातील स्त्रियांचा संगणकाशी पहिला परिचय बहुधा एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमातून झाला. राज्य शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड (एमकेसीएल) ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या केंद्रांतून हा अभ्यासक्रम तालुक्यांच्या गावी पोहोचला. शासकीय नोकरीसाठी हे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने तो घरोघरी माहीत झाला. यंत्रावरील टंकलेखनाची जागा पुढे संगणक टंकलेखनाच्या शासकीय परीक्षेने घेतली. बीड, माजलगाव, अंबाजोगाई येथील टंकलेखनाचे वर्ग ही मुलींना घरून सहज परवानगी मिळणारी जागा होती, आणि अजूनही आहे.

मूलभूत संगणक साक्षरतेवर आधारलेल्या नोकऱ्यांची मर्यादा ग्रामपंचायतीतील संगणक परिचालकांच्या उदाहरणातून दिसते. दाखले, कर आणि योजनांच्या नोंदी ऑनलाइन करण्यासाठी राज्यभर हे परिचालक नेमले गेले व त्यांत स्त्रियांचाही समावेश आहे. काम तांत्रिक व जबाबदारीचे, परंतु मानधन तुटपुंजे आणि पद नियमित आस्थापनेबाहेरचे. त्यामुळे परिचालकांना वारंवार आंदोलने करावी लागली. येथे कौशल्य आहे, पण पुढची पायरीच बांधलेली नाही. अशा स्थितीत त्या स्त्रीला आणखी एक अल्पमुदतीचा अभ्यासक्रम करायला सांगणे म्हणजे प्रश्न तिच्यावर ढकलणे होय. कोपानंतर पदविका, लेखाप्रणाली, आज्ञावली चाचणी किंवा माहिती विश्लेषण अशा वेगळ्या दिशेचे शिक्षण मिळाले, तरच तिला तेथून बाहेर पडता येते.

देशाच्या माहिती तंत्रज्ञान उद्योगात स्त्रियांचा वाटा साधारण एकतृतीयांश असल्याचे सांगितले जाते. तथापि पदे जसजशी वरची, तसतसे हे प्रमाण घटत जाते. यामागे विवाह, बाळंतपण आणि त्यामुळे पडणारा खंड हे एक मोठे कारण आहे. तंत्रज्ञान दोन-तीन वर्षांत बदलते, त्यामुळे खंडानंतर परतलेल्या स्त्रीचे जुने ज्ञान कालबाह्य ठरवले जाते. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने अशा स्त्रियांसाठी महिला शास्त्रज्ञ योजना २००२-०३ मध्ये सुरू केली. तिच्या एका शाखेत विज्ञान-अभियांत्रिकीच्या पदवीधर स्त्रियांना बौद्धिक संपदा व पेटंट या विषयांचे एक वर्षाचे प्रशिक्षण देण्यात येत असे. हे काम घरूनही करता येण्याजोगे असल्याने अनेकींची थांबलेली कारकीर्द पुन्हा सुरू झाली. तालुका पातळीवर, पदविकाधारक स्त्रियांसाठी अशी योजना असती तर तिचा उपयोग बीडसारख्या जिल्ह्याला अधिक झाला असता.

नोकरी, पाळी आणि बढती

आयटीआय झालेल्या मुली कारखान्यांतही जातात. वाळूज, चाकण, रांजणगाव येथील वाहन व सुटे भाग उद्योगांत स्त्रियांची संख्या गेल्या दशकात वाढली असून बजाज ऑटोच्या चाकण येथील कारखान्यात मोटारसायकल जोडणीचे काम स्त्रिया करतात. कायद्यातील एक अडसर याच काळात सैल झाला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने स्त्रियांना सायंकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कामास मनाई केली होती. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने सुरक्षितता, वाहतूक इत्यादी अटींसह ती शिथिल केली. पर्यवेक्षक होण्यासाठी तिन्ही पाळ्यांचा अनुभव लागतो. तो मिळण्याची वाटच बंद असेल, तर कितीही प्रशिक्षण घेऊन स्त्री जोडणीच्या रांगेवरच राहते.

नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत चालणारे पदविका व पदवी अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून मान्य केले आहेत. त्यांचा लाभ मुख्यतः मोठ्या औद्योगिक शहरांत राहणाऱ्यांना मिळतो. घरी लहान मूल असलेल्या कर्मचारी स्त्रीसाठी नोकरी, वर्ग आणि घर ही तिसरी पाळीच ठरते. मातृत्व लाभ अधिनियमातील २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर बंधनकारक केले. प्रशिक्षण संस्थांच्या आवारात मात्र पाळणाघर क्वचितच दिसते.

अलीकडील योजना

जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र प्रवर्गांच्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ करण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये मासिक विद्यावेतन सहा महिन्यांसाठी ठरवण्यात आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातील ५११ गावांत ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे सुरू झाली. ज्यांचे बालपण व शिक्षण अंबाजोगाईत झाले त्या प्रमोद महाजन यांचे नाव या केंद्रांना देण्यात आले आहे. बचत गटांतील स्त्रियांसाठी केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. तीत देशभरातील १५,००० गटांना फवारणीचे ड्रोन देण्याचे आणि निवडलेल्या सदस्येला १५ दिवसांचे प्रशिक्षण देण्याचे ठरले. उड्डाणाबरोबर दुरुस्ती शिकवली जाते का, यावर या योजनेचे ग्रामीण भागातील यश अवलंबून राहील. बिघडलेला ड्रोन शहरात पाठवावा लागला, तर फवारणीचा हंगाम तोवर निघून जातो.

शुल्क माफ झाले तरी प्रवास आणि निवासाचा खर्च उरतोच. मार्च २०२३ पासून एस. टी.च्या प्रवासात स्त्रियांना निम्मे भाडे लागते, ही मोठी मदत आहे. पण आष्टी, पाटोदा, शिरूर तालुक्यांतील डोंगरी गावांत सायंकाळची शेवटची गाडी आणि आयटीआयमधील कार्यशाळेचा शेवटचा तास यांचा मेळ बसला नाही, तर सवलतीचा उपयोग होत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर झाली आणि तीत तालुकानिहाय मुलींसाठी स्वतंत्र वसतिगृहाची तरतूद करण्यात आली. अशी वसतिगृहे शाळेपुरती न राहता आयटीआय आणि तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थिनींसाठीही खुली असली, तर ८० टक्के उपस्थितीची अट स्थलांतरित कुटुंबातील मुलीलाही पूर्ण करता येईल.